सरकारतर्फे पागनीससाहेब

मी कोर्टात टायपिस्ट म्हणून लागले तेव्हा मध्यप्रदेश जेमतेम वर्षाचा होता आणि कपाटातले कागद मात्र जुन्या राज्याचे होते. माथ्यावर 'मध्यभारत' छापलेले कोरे कागद गठ्ठ्यांनी पडले होते. ते संपल्याशिवाय नवे मिळणार नाहीत, असं वरून कळलेलं. म्हणून माझं पहिलं काम असं की छापील 'मध्यभारत'वर एक्सचं बटण दाबत जायचं आणि वरच्या जागेत 'मध्यप्रदेश' टाइप करायचं. दिवसाला शे-दीडशे कागद.

तिसऱ्या दिवशी सरकारी वकील माधवराव पागनीस माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. उंच, किडकिडीत माणूस, काळ्या कोटाची कोपरं विरलेली. त्यांनी एक कागद खिडकीच्या उजेडात धरला.

"मिस वैद्य, खालचं नाव वाचता येतंय."

"सॉरी सर. जरा जोरात मारते."

"नाही, नाही. वाचता येऊ द्या," ते म्हणाले. "मी या खुर्चीवर होळकरशाहीत बसलो, मध्यभारतात बसलो, आता या मध्यप्रदेशात बसतोय. खुर्ची तीच आहे. आरोपीसुद्धा साधारण तेच आहेत."

ते हसले नाहीत, म्हणून मीही हसले नाही. हा विनोद होता हे पुढे सहा महिन्यांनी माझ्या लक्षात आलं.

पागनीसांचे पूर्वज संस्थानच्या घोड्यांच्या पागेवर कारकून होते, त्यावरून आडनाव पडलेलं. हे ते स्वतः कधी सांगत नसत. बाररूममधले लोक सांगत. जुन्या इंदुरातल्या मराठी माणसासारखंच त्यांचं बोलणं होतं. वाक्य मराठीत सुरू व्हायचं, मध्ये कुठेतरी "वो तो है ही" म्हणून हिंदीत शिरायचं आणि क्रियापदाला परत मराठीत यायचं. कायद्याचं काही असलं की इंग्रजी. रागावले तर काहीच नाही. रागावले की ते पेन्सिलीला टोक काढत.

त्यांची कामाची एक रीत होती. पोलिसांची फाइल आली की ते ती दोन वेळा वाचत आणि मग मला हाक मारत.

"आधी आरोपीचं सांगतो. घ्या."

आणि आरोपी निर्दोष असू शकतो असं दाखवणारं फाइलमध्ये जे जे असेल ते सगळं ते मला आधी सांगत. ते टाइप करून झालं की मगच सरकारचं म्हणणं. सुरुवातीला मला वाटलं, त्यांचा काहीतरी घोटाळा होतोय.

"सर, हे तर आरोपीचा वकील सांगेल ना?"

"तो सांगेल की नाही, त्याची मर्जी. मला माहीत पाहिजे."

"पण आपली केस…"

त्यांनी चष्मा काढला. "कोण आपण?"

ऑफिसात कोणी 'आपली केस', 'आपण जिंकलो' म्हटलं की हे ठरलेलं होतं. चष्मा उतरायचा आणि "कोण आपण?" यायचं. "हा खटला शासनाचा आहे. शासन जिंकत नाही, हरत नाही. आहे ते कोर्टासमोर ठेवतं आणि घरी जातं." मी हे इतक्यांदा ऐकलं की त्यातले शब्द मला ऐकू येईनासे झाले.

दुसरी सवय जरा विचित्र होती. निकाल लागेपर्यंत ते आरोपीच्या चेहऱ्याकडे बघत नसत. पिंजऱ्याकडे पाठ करून बसत. एकदा मी विचारलं, तर म्हणाले, "चेहरा पाहिला की मत होतं. मत देण्याचं काम माझं नाही." निकाल लागल्यावर मात्र ते वळून बघत. बराच वेळ बघत.

एकदा एका गिरणी कामगारावर कापडचोरीचा खटला होता. त्याला वकील नव्हता. गिरणीच्या पहारेकऱ्यानं साक्ष दिली की, मी याला गाठोडं घेऊन दारातून जाताना पाहिलं. न्यायाधीशांनी आरोपीला विचारलं, "कुछ पूछना है?" तो नुसता हात जोडून उभा राहिला. तेव्हा पागनीस स्वतः उठले आणि आपल्याच साक्षीदाराला विचारू लागले, त्या दिवशी तुझी ड्यूटी कोणत्या दारावर होती? पहारेकरी म्हणाला, मागच्या. गाठोडं कोणत्या दारातून गेलं? पुढच्या.

न्यायाधीश म्हणाले, "मिस्टर पागनीस, आप किस तरफ़ से हैं?"

"सरकार की तरफ़ से, हुज़ूर. सवाल भी सरकार ही पूछ रही है."

कामगार सुटला. बाररूममध्ये हशा पिकला. पागनीस समोर असतील तर वकील लावायची गरजच काय भिया, असं लोक इंदुरी ढंगात म्हणू लागले. ते त्यांच्या कानावर जात होतं. ते पेन्सिलीला टोक काढत.

पण त्यांना मऊ म्हणणं चूक होईल. माझ्यासमोर त्यांनी एका माणसासाठी फाशी मागितली आणि ती झाली. त्यानं सख्ख्या भावाच्या बायकोला आणि तिच्या पोराला विहिरीत ढकललं होतं. पागनीस पाऊण तास बोलले, आवाज एकदाही चढला नाही. निकालानंतर वळून त्या माणसाकडे पाहिलं, मग आत येऊन मला म्हणाले, "उद्याची फाइल आणा." डबा त्यांनी त्या दिवशी उघडला नाही. दुसऱ्या दिवशी उघडला.

मग देपालपूर तहसिलीतली ती केस आली.

रामाजी नावाचा एक शेतकरी, स्वतःच्या मळ्यात कुऱ्हाडीचे घाव घालून मारलेला. शेजारच्या मळ्यातला भेरूलाल आरोपी. दोघांची विहीर सामाईक होती आणि पाण्याच्या पाळीवरून वर्षानुवर्षं भांडण होतं. प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार एकच, मांगीलाल. त्याचं म्हणणं असं की दुपारी चारच्या सुमारास मी बांधावरून जात होतो, तेव्हा भेरूला रामाजीवर कुऱ्हाड घालताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. बाकी पुरावा काही नव्हता. कुऱ्हाड सापडली नव्हती. मांगीलालवर सगळा खटला उभा होता.

मी साक्षीदारांची यादी टाइप करत होते. 'मांगीलाल वल्द नाथू' हे वडिलांसकट नाव आणि त्यापुढे गावाचं नाव टाइप करताना माझी बोटं थांबली. हे मी आधी कधीतरी टाइप केलं होतं, अगदी याच क्रमानं. मी कपाटातून जुन्या कार्बन प्रती काढल्या. तासाभरानं सापडलं. एका बैलचोरीच्या खटल्यात याच मांगीलालनं इंदूरला येऊन साक्ष दिली होती. साक्ष दुपारी तीननंतर सुरू होऊन कोर्ट उठेपर्यंत चालली होती. तारीख पाहिली. रामाजीच्या खुनाची जी तारीख, तीच.

मला तेव्हा काय वाटलं ते मी पुष्कळदा आठवून पाहिलं आहे. मला आनंद झाला होता. काहीतरी हुशारीचं काम आपल्या हातून झालं, असा साधा आनंद.

दोन्ही कागद मी साहेबांसमोर ठेवले. त्यांनी वाचले. मग पहिल्यांदाच मला म्हणाले, "बसा."

त्यांनी दोन्ही जबाबांवरचे अंगठ्याचे ठसे तज्ज्ञाकडे पाठवले. पंधरा दिवसांनी उत्तर आलं. अंगठा एकाच माणसाचा होता. रामाजीवर कुऱ्हाड पडत होती तेव्हा मांगीलाल वीस मैलांहून दूर, आमच्याच कोर्टात शपथेवर बोलत होता.

तपास करणारा इन्स्पेक्टर आला. वाईट माणूस नव्हता. थकलेला, भला माणूस होता. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाला, "साहब, गवाह झूठा है, मान लिया. पर केस झूठा नहीं है. भेरू ने ही मारा है. गाँव का बच्चा-बच्चा जानता है."

"तो किसी एक को लाइए."

"कोई नहीं आएगा. भेरू के चार भाई हैं. रामाजी की अकेली औरत है. कौन मुँह खोलेगा?"

साहेबांनी समोरची फाइल मिटली.

"आपको कुछ करना नहीं है," इन्स्पेक्टर हळू आवाजात म्हणाला. "बस चुप रहिए. उसका वकील पुरानी फ़ाइलें देखने से रहा."

साहेबांनी पेन्सिलीला टोक काढायला घेतलं. ते झाल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाले, "मिस वैद्य, या कागदाच्या दोन प्रती काढा. एक कोर्टाला. एक बचावाच्या वकिलांना."

मी प्रती काढल्या. इन्स्पेक्टर बराच वेळ तिथेच बसून होता, जसं काही मशीनचा आवाज थांबला की तो उठणार होता. आवाज थांबला, तो उठला, टोपी घातली, साहेबांना सलाम केला आणि गेला.

कोर्टात साहेबांनी तीन-चार वाक्यांत सांगितलं. या साक्षीदारावर शासन विसंबू शकत नाही, त्याची कारणं ही, कागद हे, आणि याखेरीज शासनाकडे दुसरा पुरावा नाही. बचावाचा वकील आ वासून बघत राहिला. त्याला बोलायला काही उरलंच नव्हतं. भेरूलाल सुटला. मी दाराशी उभी होते. प्रत्येक निकालानंतर साहेब वळून बघत, तसे त्या दिवशी वळले नाहीत. कागद गोळा केले आणि बाहेर आले.

बाहेर व्हरांड्यात रामाजीची बायको उभी होती. गेंदाबाई. पस्तिशीची असेल. प्रत्येक तारखेला ती बसनं यायची आणि भिंतीला टेकून बसायची, कोणाशी बोलायची नाही. आज ती साहेबांच्या समोर येऊन उभी राहिली आणि माळवीत तिनं विचारलं, "तो म्हारा घरवाला के कणे मार्यो?" मग माझ्या नवऱ्याला मारलं कोणी?

"मालूम नहीं, बाई."

"थाने मालम हे," ती म्हणाली. तुम्हाला माहीत आहे.

साहेबांनी कागद दुसऱ्या हातात घेतले.

"थें म्हारा वकील था के उणका?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरोखरच माहिती हवी होती. तुम्ही माझे वकील होता की त्यांचे? इतके महिने ती ज्या माणसाच्या मागून कोर्टात शिरत होती, तो कोणाचा होता, एवढंच.

"किसी का नहीं, बाई," साहेब म्हणाले.

ती थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. मग पदर सारखा करून जिना उतरून गेली. मीही माझ्या टेबलाशी जाऊन बसले. पुढ्यात कागद होता, त्यावर मी एक्सचं बटण दाबत राहिले. जुने कागद अजून संपले नव्हते.

महिन्याभरात भोपाळहून पत्र आलं. या निकालावर अपील करावं की करू नये, सरकारी वकिलांनी आपलं मत कळवावं. साहेबांनी चार ओळी सांगितल्या. अपील करण्याजोगं काहीही नाही. मी विचारलं, "सर, थोडं सविस्तर लिहायचं का?" ते म्हणाले, "चार ओळींत जे नाही, ते चार पानांतही येणार नाही."

त्यानंतर काही आठवड्यांनी दुसरं पत्र आलं. नेमणुकीची मुदत संपत आली होती, ती वाढवण्यात येणार नाही, कार्यभार सोपवावा. कारण दिलेलं नव्हतं. द्यावं लागत नसे. साहेबांनी पत्र वाचून माझ्याकडे दिलं. "आवक रजिस्टरात चढवा," म्हणाले. मी चढवलं. अनुक्रमांक टाकला, तारीख टाकली, विषयाच्या रकान्यात 'नेमणुकीबाबत' लिहिलं. माझं अक्षर त्या पानावर इतर दिवसांसारखंच आलं आहे. मी नंतर जाऊन पाहिलं होतं.

नवे सरकारी वकील आले. तरुण, हुशार, बोलणं अस्खलित. त्यांनी मला कधीही आधी आरोपीचं टाइप करायला सांगितलं नाही. 'आपली केस' ते म्हणत आणि आम्हीही म्हणू लागलो. काम सोपं झालं, हे खोटं कशाला सांगू.

कार्यभाराच्या यादीवर साहेबांची एक सही राहिली होती. ती घ्यायला मी त्यांच्या घरी गेले. थंडीचे दिवस होते. साहेब ओसरीवर आरामखुर्चीत बसले होते. कोट नव्हता, त्यामुळे ते मला आधी दुसरेच कोणीतरी वाटले. त्यांच्या पत्नीनं, अक्कांनी, चहा ठेवला. तेवढ्यात फाटकातून एक माणूस आत आला. रुंद खांद्यांचा, डोक्याला मुंडासं, काखेत हिरव्या हरभऱ्याच्या जुड्या. त्यानं जुड्या पायरीवर ठेवल्या आणि साहेबांच्या पायाशी वाकला.

"कौन?" साहेबांनी विचारलं. त्यांनी त्याला ओळखलंच नव्हतं. मी ओळखलं. भेरूलाल.

"आपने म्हारी जान बचई दी, साब," तो म्हणाला. "भगवान आपके…"

साहेबांनी पाय मागे घेतले. मग ते पुढे झुकले आणि त्यांनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. अक्का दारात थांबल्या.

"तूने मारा?"

भेरूलालनं मुंडाशाला हात लावला.

"मैं पूछ रहा हूँ. अब तेरा कोई कुछ नहीं बिगाड़ सकता. तूने मारा?"

त्यानं मान खाली घातली. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. पायरीवरच्या हरभऱ्याकडे बघत राहिला. रस्त्यावरून एक टांगा गेला.

"ये उठा ले," साहेब म्हणाले.

त्यानं जुड्या उचलल्या आणि तो गेला. एक-दोन घाटे पायरीवर पडले होते, ते अक्कांनी वेचून बाहेर टाकले.

मी यादी पुढे केली. सही कुठे करायची हे मी बोट ठेवून दाखवलं, तरी त्यांनी दोनदा विचारलं.

"सर, आता काही करता येणार नाही का?"

"नाही. सुटला तो सुटला. त्याच गुन्ह्यासाठी माणसाला पुन्हा उभं करता येत नाही. बरोबर आहे तो कायदा."

"पण आत्ता तो…"

"आत्ता तो काही बोलला नाही, मिस वैद्य. न बोलणं हा पुरावा नाही."

मला त्यांना सांगायचं होतं की तो कागद मी आणला, मी जुन्या प्रती उपसल्या नसत्या तर कोणाला काही कळलं नसतं. मी तोंड उघडलं. ते बहुधा त्यांना समजलं. ते म्हणाले, "चहा गार होतोय." मी चहा प्यायले. त्या चहाला काही चव होती की नव्हती, मला सांगता येणार नाही.

त्यानंतर माझं लग्न झालं नाही, आई गेली, बढती झाली. ही सगळी वाक्यं मी एका दमात लिहू शकते, कारण ती वर्षं तशीच गेली. पागनीसांनी खाजगी वकिली केली नाही. त्यांच्याबद्दल क्वचित काही कानावर यायचं. घरीच असतात, वाचत असतात, अक्का आजारी असतात. मी भेटायला गेले नाही. जावं असं रोज वाटत नव्हतं, आणि ज्या दिवशी वाटलं त्या दिवशी काही ना काही काम असायचं.

पुढे माझी बदली देपालपुरच्या तहसील कोर्टात झाली. रोज सकाळी इंदूरहून बसनं जायचं, संध्याकाळी परत. उन्हाळ्यात एका सकाळी बसमध्ये चढले आणि खिडकीशी पागनीससाहेब बसलेले दिसले. खूप म्हातारे झाले होते. पांढरा सदरा, धोतर, हातात कापडी पिशवी. मी शेजारी बसले. त्यांनी मला लगेच ओळखलं.

"कुठे निघालात सर?"

त्यांनी गावाचं नाव सांगितलं. मी ते नाव दोनदा टाइप केलं होतं.

"तिथे कोण?"

"रामाजीची बायको राहते."

काही वेळ बस नुसती खडखडत राहिली. वाटेत गव्हाची कापलेली शेतं होती, त्यांत काही नव्हतं. मी विचारलं, "नेहमी जाता?"

"महिन्यातून एकदा. अक्का गेल्यापासून. पूर्वी जमत नव्हतं."

"काय करता तिथे?"

"काही नाही. बसतो. ती पाणी देते. मी पितो. मग परतीची बस येते."

"आणि भेरूलाल?"

"आहे. विहिरीवर असतो. मला बघून रामराम करतो."

मला वाटलं ते आणखी काही सांगतील. ते खिडकीबाहेर बघत होते. शेवटी मीच विचारलं, "ती काय म्हणते, सर?"

"सुरुवातीला विचारायची," ते म्हणाले. "तेच. कोणी मारलं म्हणून. दर वेळी विचारायची. मी सांगायचो, मालूम नहीं." त्यांनी पिशवी मांडीवर सारखी केली. "आता विचारत नाही."

फाट्यावर बस थांबली. कंडक्टरनं त्यांना हाताला धरून उतरवलं, "सँभल के, बाबूजी." ते खाली उभे राहिले. बस निघाली तशी धूळ उठली आणि ते त्यात दिसेनासे झाले. मी मागच्या खिडकीकडे वळून बघत होते. धूळ खाली बसली तेव्हा ते अजून तिथेच उभे होते. मग पायवाटेला लागले. दूर एका खोपटाच्या दारात एक बाई उभी होती. ती पुढे आली नाही, आत गेली नाही. साहेब तिच्या दिशेनं हळूहळू चालत होते.